छायेची मालकी

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी मी वाईच्या एस. टी. स्थानकावर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. रस्त्यापलीकडे एक मोठा फ्लेक्स लावलेला होता. रात्रीच्या पावसाने त्याचा एक कोपरा सुटला होता आणि तो वाऱ्यावर फटाफट आपटत होता. त्या आवाजानेच माझे लक्ष तिकडे गेले. एरवी फ्लेक्सकडे पाहायचे नाही, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. पाहिले आणि चपापलो. त्या फलकावर माझा फोटो होता.

माझा म्हणजे मी काढलेला. 'माझा फोटो' या दोन शब्दांचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात: मी काढलेला फोटो, आणि कुणीतरी माझा काढलेला फोटो. तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना संदिग्ध शब्दप्रयोगांची उदाहरणे मी मुलांना शेकड्यांनी दिली असतील; पण हे इतके घरगुती उदाहरण मला कधी सुचले नव्हते. पुढे जे घडले ते सारे या दोन अर्थांच्या मधल्या फटीत घडले, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

फोटो होता आमच्या गावातल्या एका कल्हईवाल्याचा. घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी तो बसतो. सारे गाव त्याला मामू म्हणते, मीही मामूच म्हणतो. निवृत्तीनंतर मुलाने मला एक कॅमेरा घेऊन दिला आणि मला त्याचा नाद लागला. त्या दिवशी मामूच्या भट्टीत कोळसे फुललेले होते, भाता चालला होता. तापलेल्या पातेल्यात त्याने कथलाची कांडी फिरवली, वर नवसागराची चिमूट टाकली आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला. त्या धुरात त्याचा चेहरा आणि कापसाचा बोळा धरलेला हात, एवढेच दिसत होते. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती. मी बटण दाबले. मी काही मोठा छायाचित्रकार नव्हे. पण हजारांत एखादा फोटो माणसाला त्याच्या लायकीबाहेर साधून जातो, तसा हा साधला. मी तो इंटरनेटवर ठेवला. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझे नाव घातले आणि वर एक ओळ लिहिली: 'लोप पावलेला एक धंदा.' लोकांनी फोटो पुष्कळ वाखाणला. या वयात वाखाणणी गोड लागते, हे कबूल केले पाहिजे.

फ्लेक्स एका भांड्यांच्या दुकानाचा होता. बाहेरून तांब्याची आणि आतून स्टीलची अशी नवी भांडी त्यांनी आणली होती. एका बाजूला ती झळाळणारी भांडी, दुसऱ्या बाजूला धुरात बुडालेला मामू, आणि मध्ये जाड अक्षरांत लिहिले होते: 'आता कल्हईची कटकट कशाला?' माझे नाव ज्या कोपऱ्यात होते तो कोपरा कापून टाकलेला होता.

साताऱ्याची गाडी मी सोडून दिली आणि तडक त्या दुकानात गेलो. मालक सज्जन माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"सर, मुलाने इंटरनेटवरून घेतला. तिथे पडलेलाच होता."

"पडलेला नव्हता. मी ठेवलेला होता. त्यावर माझे नाव होते."

"असेल सर. पण तुमचे त्यात गेले काय?"

हे त्याने अगदी निर्मळपणे विचारले, आणि त्यामुळेच मला जास्त झोंबले. मी काहीतरी तापट बोललो आणि चहा न घेता उठलो. पण घरी पोचेपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला होता.

चोरीची आपली सगळी कल्पना 'जाण्या'वर उभी आहे. माझी सायकल चोरीला गेली, तर ती चोराकडे असते आणि माझ्याकडे नसते; या नसण्यालाच आपण चोरी म्हणतो. माझा फोटो मात्र जिथल्या तिथे होता, एका ठिपक्यानेही उणा झालेला नव्हता. दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही, हे दिवाळीच्या दिवसांत कुणाला मुद्दाम सांगायला नको. अमेरिकेचा एके काळचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन याने १८१३ साली एका पत्रात कल्पनांच्या मालकीविषयी लिहिताना असाच दाखला दिला आहे. दाखला सुंदर आहे, आणि आमच्या आजीचे देवघर आठवले म्हणजे तो खराही वाटतो. तिथे भिंतीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती. मूळ चित्र आजीने कधी पाहिले असण्याची सुतराम शक्यता नाही. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो मळवलीला हलला. तिथून निघालेल्या रंगीत छाप्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि त्यातली कितव्या पिढीची लक्ष्मी आमच्या घरी आली ते देव जाणे. तिच्या मागचा हत्ती चांगलाच तिरळा झालेला होता. आजीची भक्ती काही तिरळी नव्हती. नक्कल हेच जर पाप असेल, तर आमच्या घरची दिवेलागण वर्षानुवर्षे पापासमोर होत होती, असे म्हणावे लागेल.

तेव्हा नक्कल म्हणजे चोरी, हे समीकरण माझ्या बुद्धीला पटेना. आणि राग तर जाईना. रागाला कारण सापडत नसले, की एक तर तो राग खोटा असतो, नाहीतर कारण शोधण्यात आपण कमी पडत असतो. मी शिक्षक असल्यामुळे दुसरा पर्याय धरला. पण त्याआधी, घर लुटले गेल्यावर माणूस जसा कड्याकुलपे आणायला धावतो तसा, मीही बाकीच्या फोटोंच्या बंदोबस्ताला लागलो.

माझा एक पुतण्या पुण्यात संगणकाचे काम करतो. त्याने एका रविवारी येऊन मला सगळे उपाय दाखवले. पहिला उपाय, फोटोवर उजवे बटण दाबले तरी तो उतरवून घेता येऊ नये अशी व्यवस्था. ती केली, आणि लगेच माझ्यादेखत त्याने पडद्याचाच फोटो काढून दाखवला. दुसरा, फोटो लहान करून ठेवणे. मूळ फोटो सहा हजार ठिपके रुंद असला तरी वर चढवायचा तो हजारभर ठिपक्यांचा. म्हणजे मोबाईलवर छान दिसेल, पण मोठा छापायला गेले तर फुटेल. हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय. (मी हौसेने मूळ आकाराचा चढवला होता, म्हणून तर मामू फ्लेक्सवर इतका स्वच्छ उतरला.) तिसरा, फाइलच्या पोटात आपले नाव आणि तारीख लिहून ठेवणे, पण समाजमाध्यमांतून फोटो फिरू लागला की हे पोटातले नाव बहुधा वाटेतच गळून पडते. आणि चौथा, नाव फोटोच्या अंगावरच पसरून टाकणे, म्हणजे वॉटरमार्क.

हा शब्द कागदाच्या धंद्यातून आलेला आहे. इटलीतील फाब्रियानो गावचे कागद करणारे तेराव्या शतकात ओल्या कागदात तारेने खूण उठवीत. कागद उजेडापुढे धरला की ती खूण दिसे, एरवी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला तिचा उपद्रव नसे. किती सभ्य खूण! आमची खूण म्हणजे पाहुण्याच्या ताटावर यजमानाचे नाव कोरल्यासारखी. कोपऱ्यात घातली तर कापली जाते, मध्ये घातली तर फोटोचा सत्यानाश होतो. शिवाय ती पक्कीही नाही. गूगलच्याच संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले, की तीच ती खूण शेकडो फोटोंवर सारखी उमटवलेली असली, तर त्या सारखेपणाच्या आधारानेच यंत्राला ती सफाईने पुसता येते.

जाताना पुतण्या जे बोलला ते त्याच्या सगळ्या उपायांपेक्षा मोलाचे होते. "काका," तो म्हणाला, "इथे दिसला म्हणजे दिलाच. तुम्ही फोटो दाखवता म्हणजे काय होते? त्याची एक प्रत पाहणाऱ्याच्या यंत्रात जाऊन उतरते. उतरल्याशिवाय तो त्याला दिसणारच नाही. मग तुम्ही कुलूप कशाला लावणार?" भिंतीवरचे चित्र पाहायला माणूस चित्राकडे जातो, इथे चित्रच माणसाकडे जाते. दाखवणे आणि देणे ही दोन निराळी क्रियापदे आहेत, आणि त्यांच्यामधल्या अंतरावर माणसाची पुष्कळशी सभ्यता उभी आहे. शेजारीण नवे दागिने दाखवते, देत नाही. ते अंतरच जिथे यंत्राच्या घडणीतून नाहीसे झाले आहे, तिथे कुलपाचा विचार फुकट होता.

मग माझे मन सालोमालोकडे गेले. आमच्या लहानपणी गणेशोत्सवात रस्त्यावर पडदा लावून प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' दाखवीत. त्यातला सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो, आणि आम्ही पोरे त्याच्या नावाने दात ओठ खात असू. अभंगात कवीचे नाव कोपऱ्यात नसते, शेवटच्या चरणाच्या पोटात विणलेले असते. ते काढले तर चरण लंगडा होतो. म्हणून सालोमालोला नुसते खोडून भागत नाही, त्या जागी स्वतःचे नाव बसवावे लागते. फाब्रियानोच्या कागदाइतकीच पक्की अशी ही आमची खूण. तरी तीही फसवता येतेच. दुसऱ्याच कुणी रचलेल्या अभंगांवर तुकोबांची मुद्रा बसवल्याची उदाहरणे गाथेच्या अभ्यासकांना काही थोडी सापडलेली नाहीत. म्हणजे नाव चोरण्याचे प्रकार दोन: माझ्या बोलण्यावर तुझे नाव, आणि तुझ्या बोलण्यावर माझे नाव. दुसरा अधिक वाईट, असे मला वाटते. पहिल्यात माझे श्रेय जाते, पण दुसऱ्यात माझ्या तोंडी न बोललेले शब्द घातले जातात.

या मुद्रेत खरे महत्त्व नावाला नाही, त्यापुढच्या 'म्हणे'ला आहे. 'म्हणे' ही मालकीची खूण नव्हे. हे बोलणारा मी आहे, जाब विचारायचा तर मला विचारा, असे तो शब्द सांगतो. फोटोला असा 'म्हणे' नसतो. तो मुका असतो. कुणीही त्याला उचलावे, शेजारी एक ओळ लिहावी, की तो ती ओळ बोलू लागतो. माझ्या रागाचे कारण इथे मला सापडले, निदान तसे वाटले. दुकानदाराने माझ्याकडून काही नेले नव्हते. त्याने माझ्या फोटोला जे बोलायचे नव्हते ते बोलायला लावले होते. मी कल्हईवर प्रेमाने काढलेला फोटो कल्हईला कटकट म्हणत होता.

कायद्याची पुस्तके उघडून पाहिली, तर कायदाही माझ्याच बाजूचा निघाला. आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ सालचा. त्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, असे स्वच्छ लिहिले आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून त्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. त्याच्या कृतीची त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलम ५७ देते. कर्त्याच्या नावाची अशी खूण जाणूनबुजून काढून टाकणे हा तर २०१२ पासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. एवढे वाचून मी मनातल्या मनात त्या चहा देणाऱ्या सज्जनाला तुरुंगात पाठवून परतही आणले.

पण हे वाचता वाचता एक जुना अमेरिकन खटला हाती लागला आणि माझा उत्साह जरा ओसरला. नेपोलियन सरोनी नावाच्या छायाचित्रकाराने १८८२ साली न्यूयॉर्कला ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले. त्यातल्या एकाच्या ८५,००० प्रती एका छापखान्याने त्याला न विचारता छापल्या. छापखान्याचे म्हणणे असे, की फोटो यंत्र काढते, त्यात माणसाची निर्मिती ती काय? १८८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला. कारण असे दिले, की वाइल्डला बसवणे, त्याचा पेहराव, पडदे, उजेड-सावलीची मांडणी, चेहऱ्यावरचा भाव जागवणे, हे सगळे सरोनीने केले होते. मी हे वाचले आणि मामूच्या फोटोचा हिशेब मांडू लागलो. त्याला तिथे बसवले कुणी? मी नव्हे. पेहराव त्याचा. धूर त्याच्या नवसागराचा. उजेड सूर्याचा, आणि छपराला फट पडलेली होती ती गरिबीने. माझा हिस्सा म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग आणि बोट. तेवढ्यावर मी कर्ता ठरत होतो, माझ्यानंतर साठ वर्षे माझे वारस कर्तेपणा सांगणार होते, आणि ज्याच्या श्वासात तो धूर गेला त्याचे नाव त्या साऱ्या कलमांत मला कुठे दिसत नव्हते.

नाही म्हणायला एक जागा आहे. एखाद्याने पैसे देऊन स्वतःचा फोटो काढवून घेतला, तर दुसरे काही ठरलेले नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. स्टुडिओत जाऊन जो ऐटीत बसतो तो आपल्या चेहऱ्याचा मालक, रस्त्यावर काम करताना जो सापडतो तो नव्हे! नामवंतांना आणखी वेगळे दरवाजे आहेत. अभिनेता अनिल कपूर याने २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाकडून आपले नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास' हा शब्द यांचा धंद्यासाठी गैरवापर करायला मनाई मिळवली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. 'झकास' आमचे वडीलही म्हणत, एवढेच. मामूने त्याच न्यायालयाचा दरवाजा ठोठावला तर तो उघडणारच नाही असेही मी म्हणत नाही. पण वाईहून दिल्ली लांब आहे.

अखेरीस मी मामूकडे गेलो. खरे सांगायचे तर मी साथीदार शोधायला गेलो होतो. माझ्यावर अन्याय झाला हे त्याला सांगावे, त्यानेही थोडे चिडावे, अशी माझी अपेक्षा होती. जाताना रिकाम्या हाताने कसे जावे म्हणून घरचे जुने पितळी पातेले बरोबर घेतले होते.

"मामू, स्टँडवरचा फ्लेक्स बघितला का?"

"बघितला की. पोरं रोज चिडवत्यात. मामू, तुमची कटकट नको म्हणे आता."

"मग तुम्ही त्या दुकानदाराला काही बोलला नाहीत?"

"मी काय बोलनार? मला वाटलं तुमीच दिला आसंल. फोटो तुमचा."

भाता थांबवून त्याने माझे पातेले उजेडाकडे धरले, आत बोट फिरवून पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, राग नका येऊ देऊ. पन पैला घाव तुमचाच हाय. तुमी लिवलं, धंदा लोपला. नातीनं मला वाचून दावलं. एक केटरिंगवाला हाय, दर साल लगीनसराईच्या आधी पन्नास पातेली टाकायचा माझ्याकडं. औंदा आला न्हाई. रस्त्यात भेटला तवा म्हनला, मामू, तुमी बंद केलं आसं मोबाईलवर आलं हुतं, म्हनून साताऱ्याला टाकली. मी तर हितंच बसतोय. रोज बसतोय."

मी काय उत्तर देणार? दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर मला श्रावणापासून सापडत नव्हते, ते मामूजवळ तयार होते. गेले काय? पन्नास पातेली गेली. आणि ती दुकानदाराने नव्हे, मी घालवली होती. माझा सद्भाव, माझी हळहळ, लोपणाऱ्या गोष्टींविषयी सुशिक्षित माणसाला वाटणारा तो मंद गोड कळवळा, या सगळ्यांनी मिळून एका जित्याजागत्या, रोज सकाळी भट्टी पेटवणाऱ्या माणसाच्या फोटोवर श्रद्धांजलीची ओळ लिहिली होती. दुकानदाराने मला विचारले नव्हते. मीही मामूला विचारले नव्हते. दुकानदाराने माझ्या फोटोच्या तोंडी आपले वाक्य घातले. ते घालायला तिथे आधी माझे वाक्य होतेच.

डोरोथिया लँग हिने १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. मुले तिला बिलगलेली आहेत, हात गालाशी आहे, नजर दूर लागलेली आहे. जगातल्या सर्वांत ओळखीच्या फोटोंपैकी तो एक. लँग सरकारी कामावर होती, त्यामुळे फोटोवर कुणाचाच लेखाधिकार नव्हता, कुणीही छापावा. लँगने तिचे नावही विचारले नव्हते. त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ साली कळले. तेव्हा ती म्हणाली, की हा फोटो काढला नसता तर बरे झाले असते, मला त्यातून एक छदाम मिळाला नाही. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पुढे १९८३ साली ती आजारी पडली, तेव्हा अनोळखी लोकांनी तिच्या उपचारासाठी हजारो डॉलर पाठवले, आणि ते त्याच फोटोच्या पुण्याईवर. म्हणजे ज्या नकलांनी तिला चाळीस वर्षे एक ओळ करून ठेवले, त्याच नकला शेवटी पैसे घेऊन तिच्या दाराशी आल्या. याचा जमाखर्च कसा मांडायचा ते मला कळत नाही.

मग विचारल्याशिवाय फोटो काढूच नये काय? तोही नियम मला पुरा पाळता येणार नाही. भोपाळला १९८४ साली वायूने मेलेल्या एका बाळाला पुरताना रघु राय यांनी फोटो काढला. मातीतून तेवढा चेहरा वर आहे, आणि एक हात त्यावरून फिरतो आहे. तिथे कुणाची परवानगी घ्यायची होती? आणि तो फोटो नसता तर बरे झाले असते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तो फोटो पाहताना निदान एवढे दिसते, की त्याला जे बोलायचे आहे ते त्या बाळाच्या बाजूचे आहे. माझी ओळ मामूच्या बाजूची होती असे मी समजत होतो, इथेच माझी फसगत झाली. बाजू कुणाची आहे हे ज्याचे त्याला विचारल्याखेरीज कसे कळावे?

हल्ली या प्रश्नाला आणखी एक तोंड फुटले आहे. चित्रे काढणारी यंत्रे शिकवण्यासाठी इंटरनेटवरची चित्रे गोळा केली जातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लायन' नावाच्या अशा एका संग्रहात ५८५ कोटी जोड्या होत्या. जोडी म्हणजे एक चित्र आणि त्याच्यालगतची ओळ. यंत्र ओळींवरूनच चित्र ओळखायला शिकते. त्यातले एक यंत्र तर चित्रांबरोबर त्यांवरचे वॉटरमार्कही शिकून बसले आणि फोटो विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या नावाचे वेडेवाकडे अवशेष आपल्या चित्रांत उमटवू लागले. कंपनीने २०२३ साली दावा लावला. हे वाचून मला आधी हसू आले. तिरळ्या हत्तीची आठवण झाली. मग वाटले, माझा फोटो असल्या एखाद्या ढिगात जाऊन पडला असेल, तर त्याची ओळही त्याच्याबरोबर गेली असेल. कल्हईवाला म्हणजे लोप पावलेला माणूस, असे जे यंत्र शिकेल त्याला वाईच्या बोळात आणून कोण दाखवणार? माझे कोपऱ्यातले नाव जाईल त्याचे मला आता काही वाटत नाही. ओळ राहील, त्याचे वाटते.

मामूला मी विचारले, "फोटो काढून टाकू का?"

"काढू नका. फोटो झ्याक हाय. ती वळ काढा." मग जरा थांबून म्हणाला, "आनि नावच घालायचं तर कोपऱ्यात बारीक कशाला? माझा नंबर घाला. मोठा घाला."

मी तसे केले. पुतण्याने हरकत घेतली की मोबाईल नंबर असा उघड्यावर टाकू नये, फसवणारे फोन येतात. मामूला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, गिऱ्हाईक तरी कुठे फसवायचे सोडते! दुकानदाराकडेही मी पुन्हा गेलो, या वेळी चहा घेतला. त्याने फ्लेक्स उतरवला आणि मामूला दोन हजार रुपये दिले. मामूने ते घेतले. घेऊ नयेत अशी माझी एक क्षणभर इच्छा होती, ही माझीच खोड. उतरवलेला फ्लेक्स मामूने मागून घेतला आणि छपराच्या त्या फटीवर टाकला. आता तिथे उन्हाची तिरीप येत नाही, आणि तसा फोटो पुन्हा कुणाला काढता येणार नाही.

आता माझी परिस्थिती अशी विचित्र झाली आहे, की हा एक फोटो लोकांनी न विचारता उचलावा, जितका उचलता येईल तितका उचलावा, असे मला वाटते. बाकीचे हजार ठिपक्यांचे करून ठेवले आहेत. हा मात्र मुद्दाम मूळ आकाराचा ठेवला आहे. मध्यंतरी कुणीतरी तो उचललाही. नंबर कापला, आणि धुरावर 'कष्टाला पर्याय नाही' असे सुवचन छापले. मला पुन्हा राग आला. या खेपेचा राग मामूच्या वतीने होता की माझ्या, हे मी स्वतःला विचारून पाहिले. खात्रीने सांगता येत नाही. मामूला दाखवले, तर तो म्हणाला, "हे कोन लिवतं? त्याला म्हनावं, भाता वढायला ये."

केटरिंगवाला यंदा परत आला आहे, निदान तीस पातेली तरी त्याने टाकली आहेत. बोळात पाय ठेवायला जागा नाही. माझे पातेले त्या ढिगाच्या तळाशी कुठेतरी आहे. दिवाळीच्या आत देतो, असे मामू म्हणाला आहे.